टेकडी हेच मैदान

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. गुण सेकंदांवर ठरतात. पाच-दहा सेकंद इकडेतिकडे झाले की यादीतलं नाव वर जातं, नाहीतर पार खाली घसरतं. आणि त्या यादीकडे घरातली चार माणसं डोळे लावून बसलेली असतात. अशा मुलामुलींना मी पळायला शिकवतो. खेड्यातून आलेलं जवळजवळ प्रत्येक पोर पहिल्या दिवशी एकच गाऱ्हाणं सांगतं, ‘सर, आमच्याकडे ग्राउंडच नाही.’ चारशे मीटरची आखलेली धावपट्टी गावात नसते, हे खरंच आहे. पण गावामागे टेकडी असते, वाडीकडे जाणारा चढाचा रस्ता असतो. सपाट मुलखात तलावाच्या बांधावर चढणारी वाट सापडते. पळणाऱ्याला एवढं पुरतं.

हे मी मनाची समजूत घालायला सांगत नाही. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियर्ड नावाचे एक गृहस्थ होते. बुटांच्या कारखान्यात नोकरी करायचे आणि ऑकलंडमधल्या आसपासच्या मुलांना पळवायचे. शहराबाहेरच्या डोंगरातला ‘वायटारुआ’चा सुमारे ३५ किलोमीटरचा, चढउतारांचा फेरा हा त्यांचा ठरलेला रस्ता. पीटर स्नेल हा त्यांचा शिष्य ८०० मीटर पळणारा, म्हणजे दोन मिनिटांच्या आत संपणारी शर्यत; पण त्यालाही त्यांनी या डोंगरातून सोडलं नाही. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, एकाच दिवशी. दोघेही लिडियर्डचेच. त्यांच्या पद्धतीत आधी काही महिने लांब, सावकाश पळणं, मग काही आठवडे चढावर उसळ्या मारत पळणं आणि त्यानंतर मैदानावरचा वेगाचा सराव, असा क्रम होता. चढाचं स्थान मधलं. दम आणि वेग यांना जोडणारा तो सांधा आहे.

असं काय होतं चढावर? सपाटीवर आपण शरीर पुढे नेतो, चढावर पुढे नेतो आणि वरही उचलतो. ५ टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर रस्त्याला पाच मीटर उंची. एवढ्या चढावर तेवढंच अंतर पळायला सपाटीपेक्षा जवळपास तीस टक्के जास्त शक्ती लागते, आणि १० टक्के चढावर दीडपटीहून अधिक. नितंबांचे, मांडीमागचे आणि पोटरीचे स्नायू सपाटीवर निम्मे झोपेत असतात, ते इथे जागे होतात. गुडघा आपोआप वर उचलला जातो, हात जोराने हलतात. मजा म्हणजे पावलाला जमीन लवकर भेटते, त्यामुळे टाच आदळण्याचा मार सपाटीपेक्षा कमी. हृदयाला मात्र कमी वेगातच भरपूर काम मिळतं. व्यायामशाळेचे पैसे नसलेल्या मुलाला हे सगळं फुकटात मिळतं, म्हणून मला चढाचं एवढं कौतुक.

चढ मोजायची सोपी युक्ती सांगतो. एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. तिचं एक टोक रस्त्याच्या वरच्या बाजूला टेकवा आणि काठी आडवी, समपातळीत धरा; अर्धी भरलेली पाण्याची बाटली काठीवर आडवी ठेवली की पातळी कळते. काठीच्या दुसऱ्या टोकाखाली पाच सेंटिमीटर अंतर असेल तर चढ ५ टक्के. सुरुवातीला ५ ते ६ टक्के चांगला. त्यावर साधारण एक मिनिट दमदार पळायचं, चालत खाली यायचं आणि पुन्हा वर. पहिल्या आठवड्यात चार वेळा, पुढे हळूहळू आठपर्यंत. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. शेवटची खेप पहिलीइतक्याच वेळात झाली पाहिजे. पहिल्या दोन खेपांत जीव तोडून नंतर रांगत येणारे पुष्कळ पाहतो. त्यांना मी त्या दिवशी घरी पाठवतो.

वर जाताना पावलं आखूड ठेवा. कंबरेत वाकू नका, घोट्यापासून सगळं अंग किंचित पुढे झुकू द्या. नजर पायाखाली नको, दहा-पंधरा फुटांवर असावी. वेग घड्याळावर न ठरवता श्वासावर ठरवा, कारण चढावर घड्याळ फसवतं.

आता उताराविषयी, कारण जायबंदी व्हायची वेळ तिथेच जास्त येते. चढावर गेलेली ताकद उतारावर परत मिळते, असं सगळ्यांना वाटतं. मिळते, पण पुरती नाही, आणि उतार फार तीव्र झाला की उलट खर्च वाढतो. मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावून ब्रेकचं काम करतात. त्यांत बारीक इजा होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते. थोड्या उताराची हळूहळू सवय केली की हेच स्नायू कणखर होतात आणि पुढच्या वेळी दुखणं बरंच कमी राहतं. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला जायचं आणि त्याच घाटाने परतायचं. तिथे नवखे चढाची धास्ती घेतात, पण नुसत्या चढाचा सराव करून आलेल्यांचे पाय परतीच्या वाटेवर बोलायला लागतात. मुंबई मॅरेथॉनमधला पेडर रोडचा चढ तसा फार मोठा नाही. पण पूर्ण मॅरेथॉनमध्ये तो पस्तीसएक किलोमीटर पळून झाल्यावर येतो, म्हणून डोंगराएवढा वाटतो.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगावी लागते. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्यात काही तरुणांचे जीव गेले. उमेदीची पोरं होती. जाहिरात निघाल्यावर महिनाभरात तयारी करायची, उपाशीपोटी उन्हात पळायचं, चक्कर आली तरी थांबायचं नाही, याला मी जिद्द म्हणत नाही. किमान दोन-तीन महिने सपाटीवर सावकाश पळणं झाल्याशिवाय मी कुणालाही चढावर घेत नाही. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच बसायचं आणि डॉक्टर गाठायचा. भरती पुन्हा निघते. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. पहाटे एकटीने टेकडीवर जायला घरचे परवानगी देत नाहीत, आणि त्यांची काळजी अनाठायी नसते. चौघी-पाचजणींनी मिळून जावं, घरातल्या एखाद्या काकांनी, मामांनी खाली पायथ्याशी बसावं. एका वाडीतले आजोबा रोज असे बसतात आणि नातीच्या खेपा खडे मांडून मोजतात.

चाचणी सपाट मैदानावर असते, हेही विसरू नका. शेवटचे दहा-बारा दिवस चढ बंद करायचा, जवळच्या शाळेच्या नाहीतर बाजाराच्या मोकळ्या पटांगणात अंतर मोजून चुना टाकायचा आणि आखूड पडलेलं पाऊल पुन्हा लांब करून घ्यायचं.