लिग्निन कमी, वैरण मऊ. पण ताट उभे राहील का?

दावणीला कडबा टाकला की जनावर पाला-शेंडा आवडीने खाते आणि जाड बुडखे तसेच सोडते. असे का, याचा विचार केला आहे का? याचे मुख्य कारण म्हणजे लिग्निन. ताटातील सेल्युलोजच्या धाग्यांना हा घटक सिमेंटसारखा बांधून ठेवतो. त्याच्या जोरावर ताट वाऱ्यात उभे राहते, पण जनावराला तो पचत नाही. पीक जून होईल तसे लिग्निन वाढत जाते.

इथेनॉल कारखान्यांचीही हीच अडचण आहे. हरियाणात पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचे २०२२ मध्ये उद्घाटन झाले. अशा ठिकाणी सेल्युलोजची साखर करण्याआधी लिग्निनची पकड सोडवावी लागते आणि तिथे पैसा खर्च होतो. लाकडापासून कागदाचा लगदा करतानाही तेच.

मग पिकातच लिग्निन कमी केले तर? शास्त्रज्ञांनी ते करून पाहिले आहे. जनुकीय बदल करून लिग्निन कमी केलेल्या लसूणघासाला अमेरिकेत २०१४ मध्ये मोकळीक मिळाली. बेल्जियममध्ये पॉप्लर झाडांवर असाच प्रयोग शेतात झाला. लिग्निन फार घटलेल्या लाकडापासून इथेनॉल जास्त मिळाले, पण झाडांची वाढ खुंटली. म्हणजे एका हाताने मिळवले, दुसऱ्या हाताने गेले. ज्वारीत अति झाले तर ताटे लोळण्याचा धोका आहेच.

पानाची मधली शीर तपकिरी असणारी 'बीएमआर' ज्वारी मात्र वेगळी. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९७८ च्या सुमारास बियाण्यावर रसायनाची प्रक्रिया करून हा गुण मिळवला. यात बाहेरचे जनुक घातलेले नाही. हिच्यात लिग्निन कमी असते, म्हणून वैरण जास्त पचते.

आपल्या देशात जनुकीय बदल केलेल्या चारा पिकाला लागवडीची परवानगी नाही. कोणी असे बियाणे दारात घेऊन आला तर घेऊ नका. विनापरवाना विक्री हा गुन्हा आहे. सरपंचांनीही गावात ही गोष्ट सांगावी आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवावे.

तोपर्यंत उपाय आपल्याच हातात आहे. लसूणघास फुले लागताच कापा. चाऱ्याची ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आली की कापा. त्याआधीची कोवळी ज्वारी विषबाधा करू शकते. धान्याच्या कडब्याची कुट्टी करूनच घाला, म्हणजे वैरण वाया जाणार नाही.