न लवणारी तुळई

पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय या मार्गावर मेट्रो धावू लागली. ज्या उंच काँक्रीटच्या तुळईवरून ती जाते, ती आतून पेटीसारखी पोकळ आहे. पोकळ असून ती एवढा भार कसा पेलते?

घरच्या घरी सीएनसी राउटर बांधणाऱ्या हौशी कारागिरालाही असाच विचार करावा लागतो. संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणाऱ्या या यंत्रात कोरणीची मोटर एका आडव्या, सरकत्या तुळईच्या पुढच्या अंगास बसविलेली असते. तुळई केसभर लवली, तरी कोरलेले अक्षर बिघडते.

३० मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड अशी लाकडी पट्टी आडवी धरली तर सहज वाकते. तीच कडेवर उभी धरली, तर शंभरपट ताठ होते! भाराच्या दिशेने उंची दुप्पट केली, की ताठपणा आठपट वाढतो. वाकण्याला खरा विरोध करतो तो वरचा व खालचा थर. मधले द्रव्य बहुतांशी नुसते ओझे. म्हणून ते काढून टाकतात. मात्र लांबी दुप्पट झाली, तर तेवढ्याच भाराने लवणे आठपट होते.

मोटर पुढे टांगलेली असल्यामुळे तुळई पिळलीही जाते. जाड कागदाची सुरळी पिळून पाहावी. ती सहज पिळते. तिची कड खळीने चिकटविली, की तीच सुरळी हाताला दाद देत नाही. यास्तव जाणता कारागीर उघड्या पन्हळीऐवजी बंद चौकोनी नळी घेतो आणि तिची दोन्ही टोके जाड पत्र्यांना घट्ट आवळतो.