पानातली लिंबाची फोड

प्रार्थनेच्या वेळी भोवळ येऊन मटकन खाली बसणारी मुलगी बहुतेक प्रत्येक शाळेने पाहिलेली असते. ‘सकाळी काही खाल्लं नाहीस का?’ असे आपण विचारतो. पुष्कळदा तिने खाल्लेले असते. भाकरी खाल्लेली असते, आमटी खाल्लेली असते. त्या अन्नात लोहही असते. तरीही तिच्या रक्तात ते पुरेसे नसते. असे का व्हावे?

२०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण ५४ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंत, फॉलिक आम्लाची किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही तो होतो. पण लोहाची कमतरता हे त्यातले एक मोठे कारण आहे आणि त्याचा संबंध थेट आपल्या स्वयंपाकघराशी आहे.

ताटातले लोह आणि रक्तातले लोह

१०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही नसते. मटकी, हरभरा, पालेभाज्या यांतही लोह असते. परंतु वनस्पतिजन्य अन्नातले सगळे लोह शरीराला मिळत नाही. साधारणपणे दहा टक्क्यांहूनही कमी लोह आतड्यातून रक्तात जाते आणि बाकीचे तसेच बाहेर पडते.

याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, हे लोह बहुतांशी फेरिक रूपात असते, तर आतड्याच्या पेशी ते फेरस रूपात शोषून घेतात. दुसरे कारण फायटिक आम्ल. बी रुजताना लागणारे फॉस्फरस धान्य आणि कडधान्ये या आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. ते लोहाला घट्ट धरून ठेवते. अशी न विरघळणारी जोडी आतड्याच्या उपयोगाची नसते.

आता आपले पारंपरिक पान डोळ्यांसमोर आणा. मध्ये भाकरी किंवा वरणभात. उजव्या बाजूला भाजी, उसळ, आमटी. डाव्या बाजूला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवी बाजू पोटभरीची आणि डावी तोंडी लावण्याची, असे आपण समजतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र डावी बाजू उजवीच्या मदतीला बसलेली आहे.

लिंबातले क जीवनसत्त्व फेरिक लोहाला इलेक्ट्रॉन देते आणि त्याचे फेरस लोह करते. शिवाय ते लोहाला विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवते, म्हणजे फायटिक आम्लाच्या तावडीत सापडू देत नाही. मात्र हे काम एकाच जेवणात व्हावे लागते. दुपारच्या भाकरीला संध्याकाळच्या सरबताचा उपयोग नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते, म्हणून लिंबू आमटीबरोबर उकळू नये, पानात पिळावे. चिरलेली कोथिंबीर, कच्चा टोमॅटो, कोबीची कोशिंबीर हेही लिंबाचेच काम करतात. लिंबू महाग असेल तेव्हा पेरू आठवावा. त्यात लिंबापेक्षा कितीतरी पट क जीवनसत्त्व असते.

मोडाची करामत

उसळीचे मोड हा आणखी एक उपाय. कडधान्य भिजून अंकुर फुटू लागला की बी स्वतःसाठी साठ्यातले फॉस्फरस मोकळे करते. त्यासाठी ते फायटेज नावाचे विकर वापरते. फायटिक आम्ल मोडते आणि धरून ठेवलेले लोह सुटते. इडली, आंबोळी, ढोकळा यांचे पीठ आंबवतानाही असेच काहीसे घडते.

मोडांचा दुसरा लाभ पहिल्या महायुद्धाच्या काळात ध्यानात आला. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात भारतीय सैन्याची सहावी (पुणे) डिव्हिजन मेसोपोटेमियात कुत येथे वेढ्यात अडकली होती. ताज्या भाज्या मिळेनाशा झाल्या आणि भारतीय सैनिकांना स्कर्व्हीने ग्रासले. स्कर्व्ही म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. पुढे १९१९ मध्ये हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ या संशोधिकांनी गिनीपिगांवर प्रयोग केले. कोरडी कडधान्ये स्कर्व्हीपासून वाचवत नाहीत, पण मोड आलेली वाचवतात, असे त्यांना दिसले. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोड येताना तयार होते. मोड हलकेच वाफवावेत. लवकर शिजावे म्हणून त्यात सोडा घालू नये, कारण सोड्याने ते नष्ट होते.

हल्लीच्या नव्या पदार्थांनाही हाच नियम लागू पडतो. मोडाच्या मटकीची भेळ लिंबू पिळून दिली तर ती उत्तम. भाकरीवर टोमॅटो आणि ढोबळी मिरची घालून केलेला पिझ्झाही चांगलाच, फक्त त्यातल्या थोड्या भाज्या भाजल्यानंतर कच्च्या घालाव्यात. आंबट आमटी लोखंडी कढईत केली तर कढईचे थोडे लोह आमटीत उतरते. स्टीलच्या किंवा न चिकटणाऱ्या भांड्यात ही भर पडत नाही.

आणि शेवटी चहा

जेवणावर लगेच चहा घेतला की या सगळ्यावर पाणी पडते. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला बांधून टाकतात आणि त्याचे शोषण खूपच घटते. हे वर्गात दाखवता येते.

प्रयोगशाळेतले चिमूटभर हिराकस (फेरस सल्फेट) अर्धा पेला पाण्यात विरघळवा. त्यात बिनदुधाचा कडक चहा ओता. पाणी काळपट होईल. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत, तीच ही क्रिया. आता त्यात भरपूर लिंबाचा रस पिळा आणि ढवळा. काळा रंग फिका पडत जाईल. (हे मिश्रण कोणीही चाखू नये.) पेला म्हणजे आतडे नव्हे, पण चहा लोहाला बांधतो आणि लिंबू त्याला सोडवते, हे मुलांच्या डोळ्यांपुढे येते.

प्रयोगानंतर मुलांना एक गृहपाठ द्यावा. घरात शेवटी कोण जेवते, तिच्या पानात लिंबाची फोड उरलेली असते का, आणि जेवणानंतर किती वेळाने ती चहा घेते, एवढेच आठवडाभर टिपून आणायचे. अनेक वह्यांमध्ये उत्तर एकच येण्याचा संभव आहे: शेवटी आई, फोडी संपलेल्या, आणि जेवण उरकताच चहा.

ज्यांना रक्तक्षय झालेला आहे त्यांना तपासणी आणि गोळ्या लागतीलच. लिंबू हे काही औषध नव्हे. शाळेत मिळणारी लोहाची गोळीही चहाबरोबर घेऊ नये, हे मुलींना जरूर सांगावे. पण चहा तासभर पुढे ढकलायला आणि एक फोड आईसाठी बाजूला काढून ठेवायला पैसे पडत नाहीत. हा धडा मुलाने घरी नेला, तर विज्ञानाचा तो तास कारणी लागला म्हणायचा.