सर्व्हरला मेमरी नेमकी किती हवी?

विठ्ठलवाडी, प्रतिनिधी

विठ्ठलवाडी-उल्हासनगर पट्ट्यातील लहान कार्यालये हिशेबाच्या फायली, आराखडे आणि छायाचित्रे एकाच सामायिक सर्व्हरवर ठेवतात. तो मंदावला की पहिला सल्ला मिळतो तो रॅम वाढवण्याचा. २०२५च्या उत्तरार्धात जगभर मेमरीच्या किमती कडाडल्या. त्यामुळे हा सल्ला मानण्यापूर्वी थोडा हिशेब केलेला बरा.

सर्व्हरमधील रॅमचा थोडाच भाग यंत्रणा चालवण्यास लागतो. उरलेल्या भागात वारंवार मागितल्या जाणाऱ्या फायलींची प्रत ठेवली जाते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला विखुरलेली माहिती शोधताना सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचने जमतात. रॅममधून तीच माहिती मायक्रोसेकंदाच्याही आत मिळते. किराणा दुकानदार रोजच्या खपाचा माल गल्ल्याशेजारी ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

कोणता माल हाताशी ठेवायचा, हा खरा प्रश्न. सन मायक्रोसिस्टिम्सने विकसित केलेल्या 'झेडएफएस' या फाइल प्रणालीत त्यासाठी 'आर्क' पद्धतीचे सुधारित रूप वापरले जाते. मूळ पद्धत आयबीएमचे निम्रोद मेगिदो आणि मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी धर्मेंद्र मोधा यांनी २००३ मध्ये मांडली. 'नुकतेच वापरलेले' आणि 'वारंवार वापरलेले' अशा दोन याद्या ती सांभाळते आणि गरजेप्रमाणे त्यांचा वाटा बदलते. रात्री एखादा मोठा बॅकअप वाचला गेला, तरी सकाळी लागणाऱ्या सगळ्याच फायली त्यामुळे बाहेर फेकल्या जात नाहीत.

'एक टेराबाइटला एक जीबी' हा प्रचलित नियम केवळ अंदाज आहे. 'ट्रूनॅस' प्रणालीची किमान अपेक्षा ८ जीबीची असून पाच-दहा जणांच्या कागदपत्रांना तेवढी बहुधा पुरते. त्याच यंत्रावर इतर सॉफ्टवेअर चालवायचे असल्यास १६ जीबी घ्यावी. अपवाद दुबार माहिती गाळणाऱ्या 'डीडुप्लिकेशन'चा. प्रत्येक तुकड्याची नोंद सुमारे ३२० बाइट धरली, तर १२८ केबीच्या तुकड्यांत साठवलेल्या एका टेराबाइटला अडीच जीबी रॅम नुसत्या नोंदींनाच लागते. तुकडे लहान असले की हा आकडा आणखी फुगतो. लहान कार्यालयाने या सोयीच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

पुष्कळदा दोष मेमरीचा नसतोच. शंभर मेगाबिटच्या जुन्या स्विचमधून सेकंदाला १२ एमबीच्या आसपासच माहिती जाते, गिगाबिट स्विचमधून ११० एमबीहून अधिक. तेथे रॅम दुप्पट करूनही फरक पडणार नाही. सर्व्हरच्या अहवालात नव्वद टक्क्यांहून अधिक वाचने रॅममधूनच भागत असतील, तरीही खर्च वायाच.

वाढवायचीच झाल्यास प्रोसेसर किती मेमरी स्वीकारतो, हे आधी पाहावे. डीडीआर-३च्या खाचेत डीडीआर-४ची पट्टी बसत नाही; 'रजिस्टर्ड' आणि साधी पट्टी एकत्र चालत नाही. चुका दुरुस्त करणारी 'ईसीसी' मेमरी महाग असली, तरी बोर्ड ती स्वीकारत असेल तर घ्यावी. नवी पट्टी रात्रभर चाचणी-सॉफ्टवेअरवर तपासल्याखेरीज त्यावर माहिती सोपवू नये.

आणखी एक गोष्ट. लिहायला दिलेली माहिती काही सेकंद रॅममध्येच थांबते आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली तर ती नाहीशी होते. यूपीएस हवाच. २६ जुलै २००५ रोजी वालधुनीला आलेला पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सर्व्हर तळमजल्यावर, जमिनीलगत का ठेवू नये, हे निराळे सांगायला नको. फायलींची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असावी.