बॅकअपची डिस्क आणि दोन-दोन प्रोग्रामांचा घोळ

बॅकअप घ्या, असं आपण सगळेच एकमेकांना सांगत असतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. बॅकअप घेतलाय, अगदी नीट घेतलाय, आणि नेमकं त्यामुळेच मशीन विचित्र वागायला लागलंय. अशा वेळी काय करायचं? मी मुख्यतः मॅकबद्दल बोलणार आहे. विंडोज आणि लिनक्सकडे शेवटी थोडं बघू.

साधा बॅकअप म्हणजे आपल्या फायलींची प्रत. बूट होणारा बॅकअप म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, ज्याला आपण क्लोन म्हणतो. त्यात ऑपरेटिंग सिस्टीम आली, सगळे प्रोग्राम आले, सेटिंग आल्या. आतली डिस्क बिघडली तर बाहेरची जोडायची, तिच्यावरून मशीन सुरू करायचं आणि कामाला लागायचं. मॅकवर कार्बन कॉपी क्लोनर आणि सुपरडुपर ही दोन सॉफ्टवेअर या कामासाठी वर्षानुवर्षं वापरली गेली.

आता अडचण कुठे येते बघा. ही डिस्क आपण जोडूनच ठेवतो, कारण रोज रात्री बॅकअप आपोआप व्हायला हवा. म्हणजे एकाच मशीनवर प्रत्येक प्रोग्राम दोनदा हजर. एकाच वाड्यात एकाच नावाची दोन माणसं राहत असली की पोस्टमनचं जे होतं, तेच इथे होतं.

मॅकमध्ये हा पोस्टमन म्हणजे लाँच सर्व्हिसेस. कुठली फाइल कुठल्या प्रोग्राममध्ये उघडायची, याची नोंदवही तो ठेवतो, आणि त्या वहीत जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरचे प्रोग्रामही येतात. दुसरा आहे स्पॉटलाइट, म्हणजे शोध घेणारा. तोही बाहेरची डिस्क चाळतो. त्यामुळे शोधून उघडलेली फाइल किंवा प्रोग्राम आतला आहे की बॅकअपवरचा, हे आपल्या लक्षातच येत नाही.

लक्षणं ओळखीची आहेत. फाइलवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’ बघितलं की एकच प्रोग्राम दोनदा दिसतो. काल अपडेट केलेला प्रोग्राम आज पुन्हा अपडेट मागतो. डिस्क काढायला जावं तर मशीन म्हणतं, ही डिस्क वापरात आहे. आणि आपल्याला तर वाटत असतं की आपण तिला हातही लावलेला नाही.

इथपर्यंत नुसता वैताग आहे. खरा धोका पुढे आहे. समजा, तुम्ही स्पॉटलाइटमध्ये शोधून एक हिशेबाची फाइल उघडली, दोन तास काम केलं, सेव्ह केली. ती फाइल होती बॅकअपच्या डिस्कवरची. रात्री क्लोनचं सॉफ्टवेअर चालतं. त्याचं काम एकच: बाहेरची डिस्क आतल्या डिस्कसारखी करायची. त्याला फरक दिसतो, आणि तो तुमच्या नव्या फाइलच्या जागी आतली जुनी फाइल आणून ठेवतो. सॉफ्टवेअरची काहीच चूक नाही. पण दोन तासांचं काम गेलं. कार्बन कॉपी क्लोनरमध्ये सेफ्टीनेट नावाची सोय आहे. ती चालू असेल तर बदललेली फाइल बाजूला काढून ठेवली जाते. पण अशी सोय प्रत्येक ठिकाणी चालू असेलच, असं धरून चालू नका.

मग तपास कसा करायचा? क्रम महत्त्वाचा आहे. प्रोग्राम काढून पुन्हा टाकणं ही पहिली पायरी नव्हे.

पहिली पायरी, मशीन नक्की कुठल्या डिस्कवरून सुरू झालंय ते बघा. सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप डिस्क’ इथे ते कळतं. दोन्ही डिस्कना एकच नाव असेल तर काहीच कळणार नाही, म्हणून बॅकअपच्या डिस्कला आजच वेगळं नाव द्या. सरळ ‘बॅकअप’ म्हणा.

दुसरी पायरी, चालू असलेला प्रोग्राम कुठला आहे ते बघा. कमांड बटण दाबून धरा आणि खाली डॉकमधल्या चिन्हावर क्लिक करा. फाइंडर उघडतो आणि तो प्रोग्राम जिथे आहे ती जागा दाखवतो. फाइंडरच्या व्ह्यू मेनूत ‘शो पाथ बार’ चालू ठेवलंत तर कुठलीही फाइल कुठल्या डिस्कवर आहे ते खाली कायम दिसत राहतं.

तिसरी पायरी, सगळे प्रोग्राम बंद करा, बॅकअपची डिस्क रीतसर इजेक्ट करा, केबल काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा. त्रास थांबला तर गुन्हेगार सापडला. थांबला नाही तर बॅकअपला दोष देऊ नका, कारण दुसरीकडे आहे. पण डिस्क काढण्याआधी एक गोष्ट करा: अलीकडे बदललेल्या फायली बॅकअपवर सेव्ह झाल्या आहेत का, ते तपासा. असतील तर पुढचा बॅकअप चालण्याआधी त्या आत आणा.

आता कायमचा उपाय. स्पॉटलाइटच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीची यादी असते, तिच्यात बॅकअपची डिस्क टाका. मग शोधात तिच्यावरचं काही येणार नाही. आणि त्याहून चांगलं म्हणजे, बॅकअप झाला की डिस्क आपोआप इजेक्ट होईल अशी सेटिंग करा. वर सांगितलेल्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. डिस्कच दिसत नसेल तर घोळ होणार कसा?

विंडोजमध्ये गोष्ट थोडी वेगळी. तिथे प्रत्येक डिस्कला एक ओळख-क्रमांक असतो, आणि हुबेहूब क्लोनमध्ये तोही उतरतो. एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज एक डिस्क ऑफलाइन ठेवतं. आपण ती हट्टाने ऑनलाइन केली तर विंडोज तिला नवा क्रमांक देतं, आणि मग तो क्लोन बूट होताना अडू शकतो. लिनक्समध्येही तसंच. फाइल सिस्टीमचा यूयूआयडी दोन्हीकडे सारखा असेल तर चुकीची डिस्क माउंट होऊ शकते. म्हणून दोन्हीकडे नियम एकच: मूळ आणि क्लोन एकाच वेळी जोडून मशीन सुरू करू नका.

एक प्रश्न आलाय: “सर, नव्या मॅकवर बूट होणारा बॅकअप हवा का?” चांगला प्रश्न आहे. २०२० मध्ये आलेल्या बिग सरपासून सिस्टीमचा भाग सीलबंद असतो, त्यामुळे असा क्लोन करणं अवघड झालंय. शिवाय ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणारं मशीन बाहेरच्या डिस्कवरून सुरू करायचं असलं, तरी आतलं स्टोरेज शाबूत लागतं. म्हणजे ज्या संकटासाठी आपण क्लोन ठेवत होतो, नेमक्या त्याच संकटात तो चालणार नाही. तेव्हा नव्या मॅकवर आपल्या फायलींचा नियमित बॅकअप घ्या. गरज पडली तर सिस्टीम नव्याने टाका आणि मायग्रेशन असिस्टंटने फायली परत आणा. वेळ थोडा जास्त जाईल, पण एका प्रोग्रामच्या दोन प्रती होणार नाहीत.

जुनं मशीन असेल तर क्लोन जरूर ठेवा. फक्त तो कपाटात ठेवा, काम नसताना मशीनला लटकवून नको.