गुडघ्याला जमेल असं वाद्य

बडोद्यात २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीनं 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. नाटककार राम गणेश गडकरी महिन्याभरापूर्वीच, २३ जानेवारीला, गेले होते. पदं विठ्ठल सीताराम गुर्जर यांची होती आणि सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. या मंडळीच्या साथीदारांची म्हणून पुढे जी नावं रसिकांच्या तोंडी बसली, त्यांत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे होते. नाट्यगीतामागचा ऑर्गनचा तो भरीव, लांबवर रेंगाळणारा सूर जुन्या रसिकांच्या कानात अजून आहे. तो सूर कधी फुलवायचा आणि कधी आवरायचा, हे वादक ज्या अवयवानं करतो तो प्रेक्षकांना कधी दिसत नाही. तो अवयव म्हणजे गुडघा.

नाटकातला ऑर्गन म्हणजे पायपेटी. बैठकीच्या पेटीत एक हात भात्यात अडकतो. पायपेटीत भाता पायांखालच्या दोन पट्ट्यांवर चालतो, म्हणून दोन्ही हात स्वरांसाठी मोकळे राहतात. पण हात स्वरांत आणि पाय भात्यात गुंतल्यावर आवाजाचा चढउतार करायचा कशानं? एस्टी, मेसन अँड हॅमलिन अशा अमेरिकी कारखान्यांच्या ऑर्गनांत त्याचं उत्तर स्वरपट्ट्यांच्या खाली लटकलेलं दिसतं. तिथे दोन लाकडी दांड्या असतात. सहसा उजवा गुडघा बाहेर रेटला की आतल्या झडपा उघडून आवाज मोठा होतो. डावा रेटला की वाद्यातले सगळे सूर-संच एकदम बोलू लागतात. गुडघा सैल सोडला की स्प्रिंग दांडी जागेवर आणते. बऱ्याच ऑर्गनांत या दांड्या नको असतील तेव्हा वर दुमडता येतात, म्हणजे वादकाच्या पायांना मोकळी जागा मिळते. बनवणाऱ्यानं वादकाच्या पायाचा विचार केला होता, हे एवढ्या एका बिजागरीवरूनही कळतं.

गुडघ्यावर याहून कितीतरी जास्त भार टाकणारं एक वाद्य विसाव्या शतकात अमेरिकेत घडलं, ते म्हणजे पेडल स्टील गिटार. आपल्याकडे ते फारसं दिसत नाही, पण त्याची थोरली बहीण भारतात चांगलीच रुळली आहे. ती म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा तुकडा फिरवत वाजवायची हवाईयन गिटार, जिचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या हवाई बेटांवरच्या वादकाशी जोडला जातो. ब्रिजभूषण काबरा यांनी ती रागसंगीतात आणली. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर तीच गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ साली राय कूडर यांच्या साथीनं ग्रॅमी मिळालं, तीही याच कुळातली.

या वाद्यांवर मींड सुरेख निघते, कारण धातूचा तुकडा सरकेल तसा स्वर सरकतो. पण तुकड्याखालच्या सगळ्या तारा एकदमच चढतात आणि एकदमच उतरतात. तीन तारा वाजत असताना त्यांतली एकच चढावी आणि बाकीच्या दोन जागच्या जागी राहाव्यात, असं हवं असेल तर तार यंत्रानं ताणावी लागते. वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या १९५४ साली गाजलेल्या गाण्यात बड आयझॅक्स यांनी स्वर वाजत असतानाच पेडल दाबून तो चढवला आणि तिथून अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या वादकांची झोप उडाली. बडी एमन्स, शॉट जॅक्सन, जिमी डे यांच्या पिढीनं हे वाद्य पुढे नेलं. पेडलं कमी पडू लागली, तेव्हा गुडघ्यांच्या लिव्हर आल्या.

आजच्या पेडल स्टीलचं रूप चार पायांवर उभ्या अरुंद टेबलासारखं असतं. वर दहा तारा, खाली डाव्या पावलासाठी तीन पेडलं, उजव्या पावलाखाली आवाजाचं पेडल आणि गुडघ्यांसाठी चार किंवा पाच लिव्हर. डाव्या गुडघ्याला तीन दिशा असतात, डावी, उजवी आणि वर. उजव्याला दोन. एमन्स यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रचलित रचनेत डावा गुडघा डावीकडे रेटला की 'ई'च्या दोन तारा अर्धा स्वर चढतात, उजवीकडे रेटला की त्याच अर्धा स्वर उतरतात आणि गुडघा वर उचलला की 'बी'च्या तारा उतरतात. दोन्ही हात, दोन्ही पावलं, दोन्ही गुडघे, सगळे एकाच वेळी कामाला.

आता बडोद्याच्या गोत्री भागातल्या एखाद्या घरात कुणी असं वाद्य परदेशातून मागवून बसवलं आहे, असं समजू. ते कुणा दुसऱ्याच माणसाच्या मापानं जुळवलेलं असणार. साडेपाच फुटी माणसाला सहा फुटी माणसाच्या लिव्हर मिळाल्या, की पहिल्या आठवड्यातच तक्रारी सुरू होतात. मांडीच्या बाजूला वळ उठतो, गुडघा भरून येतो, कंबर धरते. नवखा वादक हे सगळं सरावाच्या नावावर सोसतो. ते सोसू नये. या वाद्यात गैरसोय थेट बेसूरपणात उतरते. लिव्हर शेवटच्या अटकावापर्यंत गेली तरच स्वर बरोबर लागतो. गुडघा दुखत असेल, तर तो अटकावाच्या केसभर अलीकडे थांबतो आणि ती केसभर जागा कानाला लगेच खुपते. सोय हा इथे सुरेलपणाचाच भाग आहे.

पहिली गोष्ट लिव्हर नव्हे, बैठक. मांड्या साधारण जमिनीला समांतर राहतील एवढी बैठक हवी. ती बुटकी असली तर गुडघे वर येतात आणि वरच्या दिशेची लिव्हर नको तेव्हा दाबली जाते. फार उंच असली तर लिव्हरचं टोक जेमतेम लागतं आणि मग अंग मुरडून गुडघा शोधावा लागतो. गिटारचे पायही कमीजास्त करता येतात. पाय लांबवले तर पेडलांच्या सळयाही तेवढ्याच लांब कराव्या लागतात, नाहीतर पेडलं हवेत राहतात. अनेकांच्या निम्म्या तक्रारी स्टूल बदलल्यावरच संपतात, म्हणून पाना हातात घेण्याआधी हा प्रयोग करावा.

त्यानंतर अंतर. डाव्या गुडघ्याच्या दोन बाजूंच्या लिव्हरमध्ये मांडी सैल बसली पाहिजे. फट फार मोठी असेल तर गुडघा प्रत्येक वेळी लिव्हर शोधत फिरतो, फार अरुंद असेल तर नुसतं पाऊल हललं तरी लिव्हर हलते. हे माप पाऊल एकाच पेडलावर ठेवून घेणं चुकीचं ठरतं. पाऊल पहिल्या पेडलावरून तिसऱ्यावर गेलं की गुडघाही त्याच्याबरोबर सरकतो. एमन्स रचनेत पहिलं पेडल आणि डावीकडची लिव्हर ही जोडी वारंवार लागते, तेव्हा पाऊल पहिल्या पेडलावर असताना ती लिव्हर सहज मिळते ना, हे पाहावं. मग पाऊल दुसऱ्या-तिसऱ्या पेडलांवर ठेवून उजवीकडची तपासावी. जिमी डे यांच्या नावाच्या रचनेत पेडलांचा क्रम उलटा असतो, म्हणून तिथे हिशेबही उलटतो. दोन्ही रचनांना निष्ठावंत वादक आहेत. आपला घोटा कोणत्या बाजूला अधिक सहज कलतो, एवढंच त्यांतून निवडताना पाहायचं.

लिव्हर अंगाला नेमकी कुठे लागते, हा सगळ्यांत नाजूक मुद्दा. गुडघा हा मुळात पुढे-मागे दुमडणारा सांधा आहे. पाय आडवा रेटण्याची ताकद खुब्याच्या स्नायूंतून येते. त्यामुळे लिव्हरचा टेकू गुडघ्याच्या किंचित वर, मांडीच्या खालच्या मांसल भागावर असावा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरासं खाली, पिंढरीच्या बारीक हाडाचं टोक हाताला लागतं आणि त्याला वळसा घालून एक मज्जातंतू अगदी त्वचेलगत पावलाकडे जातो. तिथे धातूची पट्टी रोज तासभर टेकत राहिली, तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येऊ शकतात, पाऊल बधिर होऊ शकतं. असं झालं तर वाजवणं थांबवून आधी लिव्हर हलवावी. मुंग्या राहिल्याच तर डॉक्टरांकडे जावं. गोत्रीत तर वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालयच आहे.

टेकूची जागा ठरली की त्याचा पृष्ठभाग. कारखान्यातून येणारी लिव्हर बहुधा ॲल्युमिनियमची सपाट, अरुंद पट्टी असते. तिची कड मांडीत रुतते. जाड चामडं, नमदा, फोम, रबरी नळीचा उभा चिरलेला तुकडा, यांपैकी काहीही तिच्यावर चढवलं तरी रुतणं थांबतं. फक्त गादी फार मऊ नको. मऊ गादीत गुडघा आधी बुडतो आणि मग लिव्हर हलते, म्हणून अटकाव आला की नाही हे मांडीला समजत नाही. चामड्याखाली पातळ, घट्ट फोम हा मध्यम मार्ग बहुतेकांना मानवतो. त्याहूनही चांगला उपाय म्हणजे पट्टीला थोडा बाक देणं, म्हणजे ती मांडीच्या उताराला कडेनं न टेकता पूर्ण पसरून टेकते. तयार कपड्यांच्या कारखान्यांतल्या शिलाई यंत्रांना दाबपट्टी उचलायला गुडघ्याची कळ असते. तिचा गादीवाला टेकू स्क्रू सैल करून वर-खाली करता येतो. हीच सोय गिटारच्या लिव्हरला प्रत्येक बनवणाऱ्यानं का देऊ नये, हा प्रश्न रास्त आहे.

उरतो जडपणा, आणि इथे थोडं यंत्रशास्त्र समजून घ्यावं लागतं. लिव्हर गिटारखालच्या एका आडव्या दांड्याला लटकलेली असते. दांड्यावर एक छोटा हात असतो, त्याला ओळीनं भोकं असतात. त्यांतल्या एका भोकातून निघालेली सळई गिटारच्या उजव्या टोकाला जाते. तिथे प्रत्येक तारेखाली एक फिरणारा तुकडा असतो, त्याला वादक बोट म्हणतात. ते फिरलं की तार ताणली जाते किंवा सैल होते. सळई दांड्यापासून दूरच्या भोकात घातली तर गुडघा थोडासाच सरकवावा लागतो, पण जोर जास्त लागतो. जवळच्या भोकात घातली तर लिव्हर हलकी होते, पण गुडघ्याचा प्रवास वाढतो. उजव्या टोकाकडची भोकंही असाच हिशेब मागतात, फक्त उलट दिशेनं. हलकेपणा आणि आखूड प्रवास ही दोन्ही सुखं एकाच वेळी मिळत नाहीत. कितपत अंतर आणि कितपत जोर आपल्याला झेपतो, हे आपणच ठरवायचं.

एकच लिव्हर दोन तारा ओढत असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. एका तारेची सळई दुसऱ्या भोकात हलवली आणि दुसरीची तशीच ठेवली, तर एक तार आधी पोचते आणि दुसरी मागून येते. दोन्ही एकदम पोचायला हव्यात. भोक बदललं की सळईच्या टोकाचं नायलॉनचं नट फिरवून तार पुन्हा सुरात आणावी लागते. तार उतरवणाऱ्या लिव्हर बहुधा जास्त जड लागतात, कारण बोटाला परत खेचणाऱ्या स्प्रिंगशीही झगडावं लागतं. ही स्प्रिंग थोडी सैल केली की लगेच आराम वाटतो, पण फार सैल केली तर तार मूळ स्वरावर नीट परतत नाही.

उजव्या गुडघ्याची एक लिव्हर बहुधा दुसरी तार दोन पायऱ्यांत उतरवते, आधी अर्धा स्वर, मग आणखी अर्धा. मधली पायरी ओळखता यावी म्हणून तिथे एक स्प्रिंग जास्तीचा विरोध करते. ही लिव्हर हलकी करायच्या नादात तो विरोधच नाहीसा झाला, तर पहिल्या पायरीवर थांबणं केवळ नशिबावर उरतं. म्हणून लिव्हरचा एकूण जडपणा कमी केला तरी पायरीवरचा धक्का शाबूत ठेवावा. गुडघ्याला वाटेत कुठे आहोत हे कळणंही सोयीतच मोडतं.

अशा कामाला बडोदं तसं अनुकूल शहर. सयाजीरावांच्या काळात इथे १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली आणि १८९० साली यंत्र-तंत्र शिकवणारं कलाभवन. आज त्या दोन्ही परंपरा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या दोन वेगळ्या विद्याशाखांत चालतात. एखाद्या वाद्याच्या गुडघा-लिव्हरवर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी मिळून काम करावं, असं मनापासून वाटतं. पायपेटीची दुरुस्तीही त्यात यावी, कारण ज्या ऑर्गनांच्या दांड्या आता करकरतात किंवा तुटल्या आहेत, त्यांनाही हेच कौशल्य लागणार आहे.

तोवर गोत्रीतल्या वादकाला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जावं लागेल. लेथवर काम करणाऱ्या कारागिराला गिटार ठाऊक असण्याची गरज नाही. त्याला चार गोष्टी लिहून द्याव्यात. दांड्यापासून टेकूपर्यंतची लांबी, पट्टीची रुंदी, बाकाचा कोन आणि कडा गोल करायच्या आहेत हे. लिव्हर लांब केली तर जोर कमी लागतो, पण टेकूचा प्रवास वाढतो, हेही सांगून ठेवावं. गिटारच्या लाकडात नवीन भोक पाडण्याआधी लिव्हर क्लॅम्पनं धरून, टेकूला कापडाची पट्टी गुंडाळून काही दिवस वाजवून पाहावं. या दिवसांत संथ चाल वाजवावी आणि स्वर अटकावावर पोचतो आहे का ते ऐकत राहावं. जलद चालीत चूक झाकली जाते. खुणा पेन्सिलीनं कराव्यात आणि स्क्रू सगळ्यांत शेवटी बसवावा.