चीर देण्याआधीचे एक इंजेक्शन

मागच्या पावसाळ्यात सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावर मी एका बाळंतिणीला भेटायला गेले. सिझेरियन होऊन दहा दिवस झाले होते. अंगात ताप होता, टाक्यांतून पू येत होता. तिच्या नवऱ्याने विचारले, "सिस्टर, गोळ्या तर सगळ्या दिल्या. मग टाके पिकले कसे?"

त्याचा प्रश्न रास्त होता. आपल्या त्वचेवर आणि योनिमार्गात जंतू असतातच. पोट व गर्भपिशवी उघडली की त्यांना आत वाट मिळते. पाड्यावरची बाई पुष्कळदा बराच वेळ कळा सोसून, पाणमोट फुटल्यावर रुग्णालयात पोहोचते. तिला हा धोका अधिक.

म्हणून औषध जंतूंच्या आधी पोहोचले पाहिजे. सिझेरियन ठरवून केलेले असो वा तातडीचे, चीर देण्याआधी तासाभरात शिरेतून प्रतिजैविकाचा एक डोस द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बहुधा सेफाझोलिन देतात. पूर्वी बाळाला औषध जाऊ नये म्हणून ते नाळ कापल्यावर देत. आधी दिल्याने आईचे रक्षण अधिक होते व बाळाला अपाय होत नाही, असे पुढे अभ्यासांत दिसले. सिझेरियनच्या वेळी दिलेल्या प्रतिजैविकाने जखमेचा व गर्भपिशवीचा संसर्ग ६० ते ७० टक्क्यांनी कमी होतो. नंतरच्या गोळ्या या डोसची जागा घेऊ शकत नाहीत. आधीच संसर्ग असेल, तर औषध किती दिवस द्यायचे ते डॉक्टर ठरवतात.

तरीही काहींना संसर्ग होतोच. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, टाक्यांभोवती लाली वा पू दिसला तर हळद, राख किंवा पाला न लावता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, ७ दिवसांपर्यंतचे जेवण व ने-आण मोफत असते. तेव्हा खर्चाच्या भीतीने लवकर घरी परतू नये.

त्या बाळंतिणीला आम्ही १०८ च्या गाडीने नेले. जखम साफ करून उपचार झाले, ती बरी झाली.

तुम्ही कोणाबरोबर रुग्णालयात गेलात, तर दोन गोष्टी करा. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ आले असेल वा दम लागला असेल, तर ते आधीच सांगा. आणि ऑपरेशनला नेण्यापूर्वी नम्रपणे विचारा, "इंजेक्शन दिलं का?"